घाटावर धाडलेल्या गारा

“घाटावर घाल! आरं घाटावर घाल, हिकडं कशाला वढतोस?”

पाटील ओरडत होते. डोक्यावर रोजचा फेटा नव्हता, फेट्याच्या जागी पितळी परात धरलेली होती आणि तिच्यावर सुपारीएवढी एकेक गार टण्णकन पडत होती. त्यांच्या मागं मारुतीच्या देवळात अर्धं गाव कोंबलेलं. उरलेलं अर्धं गाव घराघरांतून तवे आणि विळे अंगणात फेकत होतं, कारण लोखंडाला गार भिते असं आमच्याकडं मानतात. आणि देवळापुढच्या मोकळ्या जागेत अंगाला राख फासून, लंगोटीवर, हातात गंजलेली तलवार घेऊन जो एकटा माणूस आभाळाशी भांडत होता, तो मी.

मी गावाचा गारपगारी. न्हावी डोकी करतो, सुतार औतं करतो, तसं आमचं घराणं आभाळ करायचं. गारांचा ढग आला की तो गावाच्या शिवेबाहेर हाकलायचा, आणि त्याबद्दल सुगीत प्रत्येक खळ्यावरून सूपभर ज्वारी घ्यायची, एवढंच काम. वर्षातून दोन-चार दिवस, तेही माघ-फाल्गुनात. बाकीचे दिवस पारावर बसून लोकांना गोष्टी सांगायच्या. निजामाच्या अख्ख्या मुलखात इतकी आरामाची नोकरी खुद्द निजामालासुद्धा नसेल.

माझ्या आज्यानं एकदा तलवारीनं ढग मधोमध कापला होता. एक तुकडा बीडच्या पलीकडं पडला, दुसरा अजून पडायचा आहे. माझ्या बापानं एक गार शेपटीला धरून खाली ओढली आणि पाटलाच्या विहिरीत बुडवली, तर विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत दातांना झोंबत होतं. गारेला शेपूट असतं का, हे मला कुणी विचारू नये. मी ऐकलेलं सांगतो आणि ऐकलेलं नेहमी थोडं वाढवून देतो. घेतलं तसंच परत देणं मला बरं वाटत नाही.

पण आज लिहायला बसलोय, तर खरं काय ते एकदा लिहितो. बापानं मरताना मला मंत्र दिला नाही. मंत्र असा काही नव्हताच. तो म्हणाला, “ढगाकडं बघू नगंस. धुराकडं बघ.” गारांचं आभाळ भरून आलं की घरामागं शेणी पेटवायच्या आणि धूर कुठं वळतो ते बघत बसायचं. लोक बोलवायला आले तरी उठायचं नाही. आत पूजा चाललीय म्हणायचं. धूर गावाकडून बाहेर वळला की मग राख फासून तलवार काढायची, आणि ढग निघालेलाच असतो त्याला म्हणायचं, जा. आणि धूर वळलाच नाही तर? त्याचीही सोय होती. गारपगारी बसला की गावातली दळणाची सगळी जाती बंद ठेवायची, असा आमचा दंडक. जातं फिरलं की मंत्र तुटतो. मग गारा पडल्याच, तर म्हणायचं, कुठल्या तरी बाईनं दळलं. तीनशे घरांच्या गावात एखादीनं तरी दळलेलं असतंच, आणि दळलं नसलं तरी तिच्यावर सासूचा संशय असतोच.

हे सगळं बापाशिवाय दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी माझी आक्का. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि घरामागं शेणी पेटवायचं कामही तिच्याचकडं होतं. धूर वळला की ती दाराच्या फटीतून बापाला फक्त म्हणायची, “दादा, निघा.” लग्न होऊन ती घाटावरच्या गावात गेली. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला, तिचं वर माळावर, मध्ये दोन कोसांची चढण. माझं लग्न झालं, पण बायको दुसऱ्याच वर्षी तापात गेली, आणि मग मला आपलं असं माणूस म्हणजे ती वर घाटावर होती तेवढीच. नागपंचमीला तिनं यायचं, भाऊबीजेला मी जायचं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, फार कमी बोलणारा माणूस. माझी गोष्ट संपली की तो एवढंच विचारायचा, “मग?” त्या एका ‘मग’साठी मी गोष्टीला आणखी दोन हात शेपूट लावायचो.

तर त्या दिवशी मी एकट्यानंच शेणी पेटवल्या, एकट्यानंच धूर पाहिला. धूर आधी माझ्याच तोंडावर आला, मग देवळावर गेला, मग बराच वेळ नुसताच उभा राहिला. आणि एकदम घाटाकडं वळला. मी धावत सुटलो. देवळापुढं येतो तर पाटील आधीपासून ओरडतायत, घाटावर घाल. मी तलवार उचलली आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो, “जा! घाटावर जा! इथं तुझं काय हाय?”

आणि ढग गेला. म्हशींचा कळप खडकावरून चढत जावा तसा तो घाट चढून गेला. थोड्या वेळानं वरून आवाज आला. हजार जाती एकदम फिरावीत तसा. इकडं आमच्या शिवारात ऊन पडलं, शाळूची कणसं पाण्यानं लखलख करायला लागली, आणि गाव नाचायला लागलं. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ माझ्या मनात आलं की वर आक्का आहे. तेवढ्यात मला कुणी तरी खांद्यावर घेतलं.

पुढचे दोन दिवस मी राजा होतो. पारावर सकाळपासून माणसं. मी सांगत होतो, “ढग माझ्यापुढं आला आन थबकला. म्हनला, मला जागा दाव. मी म्हनलं, आपल्या गावात तर न्हाई. त्यो म्हनला, मग कुटं? मी तलवारीचं टोक असं वर केलं.” प्रत्येक वेळी टोक जरा जास्त वर जायचं. दुपारपर्यंत ढगाला दाढी आली होती. संध्याकाळी तो माझ्या पाया पडत होता. वडवणीच्या बाजाराहून परतणारी माणसंसुद्धा वाट वाकडी करून ऐकायला आली, आणि ती आपापल्या गावी गोष्ट घेऊन गेली. घाटावरच्या गावातही ती माझ्याआधी पोचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरचा एक धनगर खाली आला. मी पारावरच होतो. तो माझ्याकडं न बघता पाटलांना सांगू लागला. शाळू सपाट. हरभऱ्याचं नाव नाही. त्याची स्वतःची मेंढरं पडल्या जागी मेलेली. “आन एक मानूसबी,” तो म्हणाला. “पाखरं राखाया शेतातल्या माळ्यावर बसला होता. गोफण हातात. उतरायच्या आत गारांनी गाठला. काल गेला.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “तुजा दाजी.”

मी घाट कसा चढलो, याची गोष्ट मला आजवर सांगता आलेली नाही. शिवारात जागोजाग गारांचे ढीग साचून होते, वितळून अर्धे झालेले, मातीनं काळे पडलेले. गावात शिरलो तर बोलणारी माणसं गप्प झाली, आणि वाटेतली माणसं बाजूला सरली. पाटलाला सरतात तशी नाही, पिसाळलेल्या कुत्र्याला सरतात तशी. एक म्हातारा तर माझ्या पायाशी थुंकला.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. मी पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. बायका उठून बाहेर गेल्या. मग ती बोलली.

“तू लई गोष्टी सांगितल्यास म्हनं.”

मी काही बोललो नाही. असं माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही.

“गाव म्हनतंय तू धाडल्या. तुला ठाव हाय, न्हाई धाडल्या. मलाबी ठाव हाय, धूर मीच करत होते. पर त्यांना काय ठाव? मी आता त्या मानसाची बायको न्हाई ऱ्हायले. मी तुजी भईन हाय. आन मला हितंच ऱ्हायाचं हाय.”

“मग खाली चल की माझ्यासंगं,” मी म्हणालो.

“माझं घर हितं हाय. त्यांचं शेत हितं हाय. परवा गिरदावरसाहेब येतोय पाहणीला. चावडीत समदं गाव बसंल. तुलाबी बलावनार हायत. तितं उभा ऱ्हाऊन एवढंच सांग, की गारा मानसाच्या हातात न्हाईत. बास. येवढंच बोल, आन गप बस.”

“सांगतो.”

“आईची आन?”

“आईची आन.”

खाली आलो तर पाटलांना चावडीच्या बोलावण्याचं कळलेलं होतं. ते पारावर माझ्या शेजारी येऊन बसले. आजवर ते कधी माझ्या शेजारी बसलेले नव्हते. “हे बघ,” ते म्हणाले, “तितं न्हाई म्हनलास, तर आमी दर साली खळ्यावरून वाटा देतो त्यो कशाचा? तुज्या बापाला देत आलो त्यो कशाचा? गाव येनार हाय समदं ऐकाया. जरा बघून बोल.” मी मान हलवली. तीच मान आक्कापुढंही हलवली होती.

वरच्या गावच्या चावडीत बसायला जागा नव्हती. गिरदावरसाहेब म्हणजे शिवारं तपासणारा सरकारी अंमलदार, बीडहून घोड्यावर आलेला. डोक्यावर लाल तुर्की टोपी, हातात सुपारीचा डबा, आणि शेजारी पटवारी बोरू घेऊन तयार. साहेबाला फक्त कुणाचं किती पीक गेलं ते लिहून न्यायचं होतं. पण त्याच्या कागदावर नुकसानीचं कारण लिहायलाही एक रकाना होता, आणि गावाला तोच रकाना महत्त्वाचा वाटत होता.

एकानं उठून सांगितलं, म्हसोबापुढची बाभळ तोडली म्हणून हे झालं. ज्यानं बाभळ तोडली होती तो उठून म्हणाला, बाभळीचं काही नाही, मागं सरकारी माणसांनी जमिनीला साखळी लावून मोजणी केली, तेव्हापासून भुई रागावलीय. साहेब चपापला, कारण साखळी सरकारची होती. एका म्हातारीनं सांगितलं, मरीआईला यंदा बोकड दिला नाही. दर्ग्याचा मुजावर म्हणाला, “मालिक की मर्जी,” आणि लगेच खाली बसला. सगळ्यात कमी जागा त्याच्याच कारणाला लागली. बाभळवाला आणि मरीआईवाली यांची तर मारामारीच व्हायची राहिली. साहेबानं कपाळाला हात लावला. “एक बात बोलो! सब मिल के एक बात!”

तेव्हा सगळ्यांनी मिळून एक बात सांगितली. सगळ्यांची बोटं माझ्याकडं वळली.

हे कारण सगळ्यांत बरं होतं. बाभळ तोडून झाली होती, साखळी हैदराबादला गेली होती आणि मरीआईच्या अंगावर कुणाला जाता येत नव्हतं. मी समोर उभा होतो.

साहेबानं मला पुढं बोलावलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या मिशीत हसू यायला लागलं होतं.

“क्यूं रे, ओले तूने भेजे?” गारा तू धाडल्यास का, असं तो विचारत होता.

मला त्या चावडीतला कणन् कण आठवतो. डाव्या हाताला आमचं गाव, पाटील पुढं. उजव्या हाताला वरचं गाव. दाराबाहेर भिंतीच्या सावलीत बायका, आणि त्यांच्यापासून चार हात लांब एकटी आक्का, पदर तोंडाशी धरलेला. दोन्ही गावं गप्प होती. मी जन्मभर गोष्टी सांगितल्या, पण इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. पारावर कुणी तंबाखू मळतं, कुणी खोकतं, कुणाची म्हैस हंबरते. इथं श्वाससुद्धा नव्हता. माझ्या पुढच्या शब्दाची अख्खी चावडी वाट बघत होती.

मी ‘न्हाई’ म्हणायला तोंड उघडलं. हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत काय ते आता तुम्हाला ठाऊक झालंच आहे. तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते असं:

“भेजे नहीं, सरकार. हमने सिर्फ हाकले. आगे वो किधर गये, उनको पुछो!”

साहेब इतका हसला की त्याचा सुपारीचा डबा सांडला. पटवारी हसला. आमच्या गावानं मांड्यांवर थापा मारल्या, पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. वरच्या गावातलेही एक-दोघे हसले, आणि मग एकदम कुणीतरी म्हणालं, “ऐकलं का? कबूल झाला! सायबापुढं कबूल झाला!” साहेब डोळे पुसत पटवाऱ्याला म्हणाला, “लिखो, आसमानी.” कागदावर आसमानी, म्हणजे आभाळाची करणी, असं लिहिलं गेलं आणि कागद बीडला गेला. तो कागद वरच्या गावानं कधी पाहिला नाही. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं.

मी दाराकडं पाहिलं. आक्का उठली होती. तिनं पदर तोंडावरून काढला, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि चालू लागली. सावकाश. कुणी तिला वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही.

त्या सुगीला माझ्या घरी इतकी ज्वारी आली की ठेवायला कणग्या पुरेनात. खाणारा मी एकटा.

वर काय चाललंय ते उडतउडत कळायचं. तिला ‘गारवाली’ म्हणायला लागले होते. ती विहिरीवर आली की बायका घागरी घेऊन सरकायच्या. तिला कुणी खुरपायला बोलवत नव्हतं. तिची सावली पिकावर पडू नये म्हणून. दाजीचं शेत तिनं एकटीनं केलं. दिवाळीत भाऊबीजेला मी गुळाची ढेप आणि नारळ घेऊन वर गेलो. दार बंद होतं. आत चूल पेटलेली होती, धूर छपरातून निघत होता, म्हणजे ती आत होती. मी हाका मारल्या. मग उंबऱ्यापुढं बसून दाराला एक गोष्ट सांगितली. लहानपणी बापाची तलवार तिनं लपवली होती आणि बापानं पळीनं ढग हाकलला होता, ती. त्या गोष्टीला ती कायम हसायची. दारापलीकडं काही हललं नाही. गूळ-नारळ उंबऱ्यावर ठेवून मी उतरलो. पुढच्या वर्षी गेलो तेव्हाही दार बंद. त्या वर्षी मी दोन गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या वर्षी निम्म्या घाटात एक सपाट खडक आहे, तिथवर गेलो आणि बसलो. पुढं पाय उचलले नाहीत. त्या खडकावर बसून गोष्ट सांगितली. ऐकायला चार वानरं होती, त्यातलं एक निम्म्यातून उठून गेलं.

पारावर मात्र माझं सुरूच होतं. लोक म्हणायचे, चावडीची सांग, सायबाची सांग. मी सांगायचो. साहेबाचा घोडासुद्धा हसला, असं सांगायचो. गोष्ट संपली की लोक उठून जेवायला जायचे. ‘मग?’ असं विचारणारं कुणी नव्हतं.

अशी सात-आठ वर्षं गेली असतील. मग एका फाल्गुनात पुन्हा तसंच आभाळ आलं. मी शेणी पेटवल्या. धूर सरळ वर गेला, वाकला आणि माझ्याच दारात शिरला. मी वाट पाहिली. लोक दाराशी येऊन हाका मारू लागले. धूर काही वळेना. शेवटी राख फासून तसाच बाहेर गेलो, तलवार उचलली, घसा फाटेस्तोवर ओरडलो. गारा आल्या त्या माझ्यावरच आल्या. लिंबाएवढ्या. नंतर सांगताना मी नारळाएवढ्या सांगितल्या असत्या, पण त्या लिंबाएवढ्याच होत्या आणि तेवढ्या पुष्कळ झाल्या. दोन चिलमी ओढायला लागतो तेवढ्या वेळात गावाचं सगळं पीक मातीत गेलं. आभाळ उघडलं तेव्हा माझ्या कपाळातून रक्त येत होतं आणि गाव माझ्याभोवती उभं होतं.

मला काही बोलावंच लागलं नाही. पाटीलच म्हणाले, “कुनी दळलं?”

बापानं करून ठेवलेली सोय आपोआप चालू झाली. माणसं घराघरांत शिरली. जात्यांना हात लावून बघू लागली, कुठलं ऊन आहे, कुठल्याच्या कडेला ताजं पीठ आहे. सुना रडायला लागल्या. आणि थोड्याच वेळात गावाला हवं ते सापडलं. वेशीजवळ एक म्हातारी राहायची. एकटी. मागं-पुढं कुणी नाही. तिचं जातं चार जणांनी उचलून देवळापुढं आणून टाकलं. एकानं घण आणला. म्हातारी फरफटत मागून आली.

“म्या न्हाई दळलं रं,” ती म्हणत होती. “दळाया घरात हाय काय?”

“दळल्याबिगर मंतर तुटंल व्हय?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. मी नुसती मान हलवायची होती. म्हातारीनंही माझ्याकडं पाहिलं. पदर तोंडावरून काढून, नीट.

“तिनं न्हाई दळलं,” मी म्हणालो. “कुनीच न्हाई दळलं. दळलं असतं तरी काय व्हायचं न्हवतं. मला मंतर येत न्हाई. माज्या बापालाबी येत न्हवता. गारा मानसाच्या हातात न्हाईत.”

आठ वर्षांपूर्वीचं वाक्य होतं. जसंच्या तसं ठेवलेलं.

घण खाली आला नाही, हे खरं. म्हातारीचं जातं वाचलं. पण गावानं माझं ऐकलं असं समजू नका. पाटलांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “आसं हाय तर,” ते म्हणाले. “इद्या गेली तुजी. भैनीचा तळतळाट लागला.” सगळ्यांनी माना हलवल्या. कारण सापडलं होतं. म्हातारीपेक्षा बरं, बाभळीपेक्षा बरं. आता आमच्या गावच्या गारासुद्धा आक्कानंच धाडल्या होत्या.

मी कपाळाला चिंधी बांधली आणि घाट चढायला लागलो. खडकाशी थांबलो नाही.

वरच्या गावाच्या चावडीत दुपारची माणसं होती. काही जुनी, बरीचशी नवी. मी ओट्यावर चढलो आणि सगळं सांगितलं. शेणी, धूर, दाराची फट, जात्याचा दंडक, पारावरची दाढीवाल्या ढगाची गोष्ट, आईची आन. सगळं. एक शब्दही वाढवला नाही. माझ्या आयुष्यात मी तेवढी एकच गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

लोकांनी मन लावून ऐकलं. मग हसले.

“धुराची लई झ्याक हाय,” एक जण म्हणाला.

“आता इद्या गेली, म्हनून म्हनतोय कदी न्हवतीच,” दुसरा म्हणाला. “लबाड हाय लेकाचा. पयल्यापास्नंच.”

“आन सायबापुढं कबूल झालता ते?”

“ते खोटं होतं!” मी ओरडलो. “त्येच तर सांगतोय!”

“बरं बरं,” ते म्हणाले. एक म्हातारा घरात गेला आणि सूपभर ज्वारी घेऊन आला. बहुतेक तोच, जो माझ्या पायाशी थुंकला होता. माझ्यापुढं सूप ठेवून हळूच म्हणाला, “यंदा आमच्याकडंबी जरा बघ. मागचं मागं.”

ज्वारी तिथंच ठेवून मी आक्काच्या घराकडं गेलो.

दार उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसून ताटात हरभऱ्याची डाळ निवडत होती. केस पांढरे झाले होते. बोटं तशीच होती, धूर करायची तेव्हाची. कपाळाची चिंधी तिनं पाहिली असावी. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

“आक्का,” मी म्हणालो, “सांगितलं मी. चावडीत सांगितलं. तू म्हनलीस तसंच. समद्या गावापुढं.”

तिनं डाळीतला एक खडा वेचून बाहेर टाकला.

“आता कुनी इचारत न्हाई,” ती म्हणाली.